सत्तर टक्क्यांचा माणूस

आमच्या कंपनीत त्यांना तोंडावर सगळे सर म्हणायचे आणि पाठीमागे 'सत्तर टक्के'. हे नाव कोणी ठेवलं मला माहीत नाही, पण ठेवणाऱ्याला फार डोकं लढवावं लागलं नसणार. सरांची पाण्याची बाटली गळ्यापर्यंत भरलेली कधी कोणी पाहिली नाही. डब्याच्या तीन कप्प्यांपैकी एक कायम रिकामा. डायरीत दोन पानं लिहिली की तिसरं कोरं सोडायचे. त्यांच्या हाताखाली आम्ही पाच जण होतो, आणि पाच जणांना पुरेल इतकं काम त्यांनी कधीच अंगावर घेतलं नाही. साडेतीन जणांचंच घ्यायचे. मालकांना याचा भयंकर राग यायचा. मार्च महिन्यात तर ते सरांच्या केबिनच्या काचेसमोरून मुद्दाम फेऱ्या मारायचे.

सर काचेतून त्यांना नमस्कार करायचे.

मी त्यांच्याकडे सात वर्षं काम केलं. त्यांनी जिवापाड जपलेली ती तीस टक्के जागा एकदा मी परस्पर वापरून टाकली, आणि त्याचं जे काही भोगायचं ते माझ्या नाही, त्यांच्या घराच्या वाट्याला आलं. लिहायला बसले आहे ते त्यासाठी. पण आधी सर कसे होते ते सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते नीट कळायचं नाही.

कुरुळीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही कॅमेऱ्याचे खोके बनवायचो. अजूनही बनवतो. चाकणच्या कारखान्यांमध्ये पट्ट्यावरून एकेक पार्ट सरकत येतो. आमचा खोका त्याचा फोटो काढतो, तडा आहे का, भोकं जागच्या जागी आहेत का ते बघतो, आणि पार्ट खराब असेल तर पुढे बसवलेल्या दांड्याला हुकूम सोडतो. दांडा तो पार्ट लाल पेटीत ढकलतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. खोक्याच्या पोटात एकच छोटा कॉम्प्युटर असतो, आणि त्याला एवढं करून शिवाय फोटो साठवायचे असतात, मोजणी ठेवायची असते, ऑफिसला रिपोर्ट पाठवायचा असतो. कोणत्या कामाला किती वेळ द्यायचा आणि अचानक गर्दी उसळली तर कोणतं काम मागे ठेवायचं, हे ठरवणं म्हणजे सरांचं काम. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

कामावर रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. तीनच्या शिफ्टला मला घेऊन ते गेटबाहेरच्या मावशींच्या टपरीवर गेले, एका स्टुलावर बसवलं आणि हातात कोरा कागद दिला. म्हणाले, "मावशी काय काय करायचं सोडतात, ते लिही."

इंजिनियरिंगची पदवी घेऊन मी चहाच्या टपरीवर कागद धरून बसले होते. घरी काय सांगायचं, याचाच विचार डोक्यात. तेवढ्यात पहिली शिफ्ट सुटली आणि चाळीस-पन्नास माणसं एकदम टपरीवर आली. मावशी तोवर एका गिऱ्हाइकाशी कुणाच्यातरी साखरपुड्याबद्दल बोलत होत्या, ते वाक्य त्यांनी अर्ध्यावर टाकून दिलं. मग ग्लास विसळणं थांबलं, कागदी कप निघाले. क्रीमरोल मागणाऱ्याला त्यांनी बरणीकडे बोट दाखवलं, घे तुझं तू. पण दुधावरची नजर त्यांनी एकदाही काढली नाही. पंधरा मिनिटांनी गर्दी ओसरली. मावशींनी ग्लास विसळायला घेतले आणि साखरपुड्याचं वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा सुरू केलं.

सरांनी माझा कागद वाचला. मग म्हणाले, "दूध, ग्लास आणि गप्पा. दुधाला उशीर चालत नाही. ग्लासांना थोडा चालतो, पण कायमचा नाही. गप्पा गेल्या तरी कुणी मरत नाही. आपल्या खोक्यात जे जे काम आहे, ते ह्या तिन्हीपैकी कशात बसतं ते ठरव. मग कॉम्प्युटरला हात लाव."

"आणि सर, ती शेगडी?" मी विचारलं. मावशींकडे गॅसच्या तीन शेगड्या होत्या. एवढ्या गर्दीतही तिसरी शेवटपर्यंत रिकामी होती.

"मावशींनाच विचार."

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की मला कागद लपवावासा वाटला. "आवं ताई, आत्ता नुसती शिफ्ट सुटली. मधीच कंपनीतनं निरोप आला, साठ चहा धाडा, मंग? तवा पातेलं कुठं ठिवू? डोक्यावर?"

सर एवढे खूश झाले की त्यांनी दुसरा चहा घेतला. पेला अर्थातच काठोकाठ भरू दिला नाही.

सत्तर टक्क्यांमागे खरं तर एक जुनं गणित आहे. ठरावीक वेळाने परत परत येणारी कामं एकाच कॉम्प्युटरवर चालवायची असतील, तर साधारण तेवढ्यापर्यंत भरलंत तर कोणाचीही वेळ हुकणार नाही, याची खात्री देता येते. त्याच्या पुढे गेलात तर कदाचित जमेल, कदाचित नाही. सरांनी ते गणित खोक्यापुरतं ठेवलं नाही, एवढाच त्यांचा विक्षिप्तपणा. कुठलीही गोष्ट त्यांच्यासमोर ठेवली की पहिला प्रश्न यायचा, "उशीर झाला तर काय होईल?" रजेचा अर्ज द्यायला गेलेल्या माणसालाही हेच. माझ्या लग्नाची पत्रिका दिली तेव्हाही हेच विचारलं. लग्नाचा मुहूर्त त्यांनी ग्लासांत टाकला आणि जेवणाची पंगत दुधात. कासारवाडीच्या कार्यालयात ते पाऊण तास आधी येऊन रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध एकटे बसले होते, शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून. माझ्या आईला वाटलं, मुलाकडचे कुणीतरी मोठे पाहुणे आहेत. तिने त्यांना दोनदा सरबत पाठवलं.

आणि एक वाक्य होतं. दिवसातून एकदा तरी ते कानावर पडायचंच. कुणी चाचणीचे आकडे घेऊन गेलं, सगळी उत्तरं बरोबर आहेत सर, फक्त दोनशेतली तीन जरा उशिरा आली, असं म्हणालं, की सर चष्मा काढून टेबलावर ठेवायचे. "उत्तर बरोबर आहे. पण उशिरा आलंय, म्हणजे चूकच." आवाज चढवायचे नाहीत. आम्ही जेवणाच्या टेबलावर त्यांची नक्कल करायचो. कुणाची भाजी वाढायला वेळ लागला की पाचही जण एका सुरात तेच म्हणायचो.

ते ओव्हरटाइम करत नसत. मालकांनी दोनदा मॅनेजर व्हायला सांगितलं, दोनदा नको म्हणाले. सव्वापाचला स्कूटर सुरू. नवीन लोकांना वाटायचं, माणूस आळशी आहे. आम्हाला माहीत होतं. त्यांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, फिट यायच्या. महिन्यात कधी एक, कधी तीन. येण्याआधी दोन-चार मिनिटं काकूंना काहीतरी जळल्याचा वास यायचा. तेवढ्या वेळात त्या सरांना फोन लावायच्या आणि सर शेजारी कळवायचे. शेजारच्या बाईंकडे किल्ली होती. त्या धावत यायच्या आणि नाकात औषधाचा फवारा मारायच्या, की पाच मिनिटांच्या आत फिट उतरायची. मागोमाग सर पोचायचे. कुरुळी ते चऱ्होली, एरवी पंचवीस मिनिटं, मोशीला गाड्या तुंबल्या तर पंचेचाळीस. फ्लॅट त्यांनी मुद्दाम पहिल्या मजल्यावर घेतला होता, लिफ्टची वाट बघायला लागू नये म्हणून. फोन टेबलावर उताणा असायचा आणि तो वाजला की समोर मालक असोत की गिऱ्हाईक, सर वाक्य अर्ध्यावर टाकून उठायचे. मावशींसारखे.

म्हणूनच ते गिऱ्हाइकांच्या मोठ्या कारखान्यांत जायचं टाळायचे. तिथे गेटवरच फोन जमा करावा लागतो. तसली कामं माझ्याकडे असत.

आता माझं. मालकांना एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे स्क्रीन लावायचा होता. त्यांच्या रिसेप्शनमध्ये भला मोठा टीव्ही, त्यावर आमच्या खोक्यातले फोटो जसेच्या तसे धावताहेत, रंगीत आलेख हलताहेत. सरांनी अर्ध्या मिनिटात निकाल दिला, "ह्या गप्पा आहेत." मालकांनी मला बोलावलं. म्हणाले, "तीस टक्के नुसतं पडून आहे ना आत? त्यातलं वीस घ्या. सरांना एवढ्यात सांगायला नको, त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे." मला सरांचा स्वभाव माहीत होता आणि माझाही माहीत होता. आपल्याला जमतं हे दाखवायची मला घाई झाली होती. मी ते केलं, आणि सरांच्या नजरेला पडू नये म्हणून रिपोर्ट पाठवण्याच्या कामाच्या नावाखाली दडवलं. टीव्ही सुंदर दिसायचा. चार महिने कुठे काही बिघडलं नाही. सरांचं आपलं उगाच, असं मी मनात म्हणून घेतलं.

मग महिनाअखेर आली आणि एका सकाळी त्या गिऱ्हाइकाने पट्ट्याचा वेग वाढवला. त्यातच नवा पार्ट आला होता, जास्त भोकांचा, बघायला जास्त वेळ लागणारा. दुपारी तीनला त्यांच्या सुपरवायझरचा फोन आला, लाल पेटीत चांगले पार्ट सापडताहेत. म्हणजे खराब पार्ट कुठे जाताहेत, हे विचारायची गरज नव्हती. ब्रेकचा पार्ट होता तो.

त्या दिवशी सकाळीच सर म्हणाले होते, "शेजारच्या बाई गावी गेल्यात. आज मला कुठे पाठवू नका." मी केबिनमध्ये जाऊन त्यांना फोनचं सांगितलं. मालकही मागोमाग येऊन उभे राहिले.

सरांनी चष्मा काढला. "त्या खोक्यात काही नवीन टाकलंय?"

हो, एवढंच म्हणायचं होतं. ऑफिसमध्ये बसल्या जागेवरून एक बटण दाबून तो टीव्ही बंद झाला असता. मालक छताकडे बघत होते.

मी म्हणाले, "नाही सर."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग फोन खिशात टाकत म्हणाले, "ब्रेक आहे. दूध आहे हे. चल, अर्ध्या तासात बघून येऊ."

गेटवर त्यांनी फोन जमा केला. वॉचमनला नाव दाखवलं, 'घर'. म्हणाले, "ह्या नावाचा फोन वाजला की आत निरोप पाठवा. दहा नंबरच्या लाइनवर आहे मी." वॉचमन भला माणूस होता. त्याने मान डोलावली आणि नाव दोनदा वाचलं. बरोबर चार वाजता गेटवरची शिफ्ट बदलली, आणि तो भला माणूस आपला डबा घेऊन घरी गेला.

आत सर पट्ट्याशेजारी उकिडवे बसले. त्यांनी खोक्यातली कामांची यादी बघितली, सगळं जागच्या जागी दिसत होतं. दिसणारच, मीच दडवलेलं. तारा बघितल्या, दांडा सोडवून पुन्हा बसवला. मी त्यांच्या शेजारी पाना धरून उभी होते. सांगू, आता सांगू, असं दर मिनिटाला वाटायचं, आणि जितका उशीर होत होता तितकं सांगणं अवघड होत होतं. शेवटी त्यांनी खडू मागून घेतला, एका खराब पार्टवर खूण केली आणि पट्ट्यावर सोडला. दांड्याने त्याला जाऊ दिलं आणि त्याच्या मागचा चांगला पार्ट ढकलला. सरांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"निर्णय बरोबर घेतोय," ते म्हणाले. "उशिरा घेतोय. कोणीतरी त्याचा वेळ खातंय." आणि माझ्याकडे बघितलं. पाच वाजायला दहा मिनिटं होती.

मग मी सांगितलं. त्यांनी दोन मिनिटांत स्क्रीनचं काम बंद केलं. खुणेचा पार्ट लाल पेटीत पडला. सर उठले. सुपरवायझरला म्हणाले, "सकाळपासूनच्या पेट्या बाजूला काढा, एकही बाहेर जाता कामा नये. ह्या मॅडम थांबून सगळ्या पुन्हा तपासून देतील." आणि गेटकडे निघाले. मी त्यांच्या मागे धावले.

गेटवरच्या नव्या वॉचमनने फोन काढून दिला. "लई वेळ वाजत हुता सायेब. पण आमाला दुसऱ्याचा फोन उचलायची परमिशन न्हाई."

'घर' सात वेळा. पहिला सव्वाचारला.

सर स्कूटरकडे धावले. हेल्मेटचा पट्टा त्यांच्या हाताला लागेना. मी म्हणाले, "सर, मी गाडीने सोडते." ते म्हणाले, "नको. तू पेट्या बघ. ते पण दूधच आहे." मी पेट्या बघितल्या. खराब पार्ट सगळे सापडले, एकही बाहेर गेला नाही. सगळ्या चाकणमध्ये त्या संध्याकाळी कुणाचाही ब्रेक माझ्यामुळे निकामी झाला नाही, एवढं एक समाधान मला आहे, आणि त्याचा मला काही उपयोग नाही.

काकू वाचल्या. पण फिट फार लांबली होती. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा त्यांचे शब्द हरवले होते. समजत सगळं होतं, पण बोलायला गेलं की शब्द सापडायचा नाही. सरांनी दोन महिन्यांत नोकरी सोडली. निरोपाच्या कार्यक्रमात मालक म्हणाले, सरांनी कंपनीला शंभर टक्के दिलं. सगळे हसले. सर शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते, मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते.

आता त्यांच्या खुर्चीवर मी बसते. खोके सत्तर टक्क्यांच्या वर भरू देत नाही. मालक काचेसमोरून फेऱ्या मारतात. नवीन मुलींना मी टपरीवर बसवते, कागद देते. पाठीमागे मलाही काहीतरी नाव असणारच. पण सरांकडे मी गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत तीन वर्षं काढली. ह्यालाही उशीर म्हणतात, हे मला कळत होतं.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी गेले. चऱ्होलीत आता इतक्या इमारती उठल्यात की मला त्यांची सापडेना. दोन वेळा चुकून मग पोचले. दार सरांनीच उघडलं. केस सगळे पांढरे झालेले. काकू खिडकीपाशी बसून शेंगा सोलत होत्या. मला बघून हसल्या.

थोडं इकडचं तिकडचं झालं. मावशींची टपरी कशी आहे, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, तिसरी शेगडी अजून रिकामी असते. मग मला राहवेना.

"सर, त्या दिवशी केबिनमध्ये तुम्ही विचारलंत तेव्हाच मी हो म्हणायला हवं होतं. मी घाबरले. माझ्यामुळे झालं हे सगळं."

त्यांनी चष्मा काढून समोर ठेवला. बराच वेळ काचा पुसत राहिले.

"उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले.

पुढचं वाक्य त्यांनी म्हटलं नाही. त्याची नक्कल मी शेकडो वेळा केली होती, त्यामुळे ते मला ऐकू आलंच. मी रडले. त्यांनी रडू दिलं, आणि सगळं ठीक आहे वगैरे काही म्हणाले नाहीत. ठीक नव्हतंच.

निघायला उठले, दाराशी जाऊन चपला घातल्या. तेवढ्यात काकूंनी हात वर केला. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. ओठ हलले, शब्द येईना. "जे..." एवढंच आलं. मला ते बघवेना. मी मदत करायला गेले, "जाते काकू, येईन पुन्हा," तर सरांनी तळहात दाखवून मला थांबवलं. ते खुर्चीत पुढे झुकून काकूंकडे बघत होते. घड्याळाकडे नाही, माझ्याकडे नाही. ज्या माणसाने आयुष्यभर पापणी लवण्याचेही हिशेब ठेवले, तो एका शब्दासाठी बसून राहिला होता, आणि त्याला कसलीही घाई नव्हती. मीही उभी राहिले. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही.

"जेवून... जा," काकू म्हणाल्या.

"बरोबर," सर म्हणाले.

मी म्हणाले, नको, तुम्हाला आयत्या वेळी कशाला त्रास. सर तोवर स्वयंपाकघरात गेले होते. कुकरचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"चपला काढ," त्यांनी आतून सांगितलं. "तिसऱ्याचा भात आमच्याकडे रोज असतो."